मागून येणारी

गाय व्याली की घरचं माणूस आधी वासराची मागची तंगडी उचलून बघतं. कालवड असली तर चेहरे खुलतात. गोऱ्हा असला तर ‘सुटली एकदाची’ म्हणून मंडळी कामाला लागतात. कुणी वासराच्या नाकातोंडातला चिकटा पुसतं, कुणी नाळेला आयोडीन लावतं, कुणी बाजरी-गुळाचं आंबोण शिजत घालायला घरात पळतं. गाय वासराला चाटत असते. या धांदलीत जिची कुणाला आठवण नसते ती अजून आतच असते. नऊ महिने नऊ दिवस तिनं त्या वासराला भरवलेलं असतं, त्याचा श्वास वाहिलेला असतो, त्याची घाण काढलेली असते. वासरू पुढे येतं, ती मागून. तिचं नाव वार. काही गावांत जार म्हणतात, काही ठिकाणी झार.

वेळेवर आली तर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. घमेल्यात भरून उकिरड्याकडे नेतात आणि विसरतात. आली नाही की मग गावात तिचीच चर्चा. माण-फलटणच्या पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरताना मला सकाळी येणाऱ्या फोनांत तिचं नाव नेहमीचंच: “डॉक्टर, रात्री गाय व्याली, पर वार काय पडंना. हात घालायला येता का?” या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, वार हा रोग आहे. दुसरी, डॉक्टरचा हात हा त्यावरचा इलाज आहे. दोन्ही समजुतींनी गाईंचं फार नुकसान केलेलं आहे, म्हणून तिची नीट ओळख करून द्यावीशी वाटते.

ताजी पडलेली वार हातमोजे घालून गोणपाटावर पसरून पाहावी. पातळ, ओलसर, करडी-गुलाबी. तिच्यावरून निळसर शिरा धावतात आणि ठिकठिकाणी गडद लाल, खरबरीत चकत्या असतात. अशा चकत्या साधारण 75 ते 120. गाईच्या गर्भपिशवीच्या आतल्या अंगाला तेवढ्याच मांसल गाठी असतात आणि प्रत्येक चकती आपापल्या गाठीवर टिचबटणासारखी बसलेली असते. काही जोड्या लहान, तर काही गाभण काळाच्या शेवटी दहा सेंटिमीटरपर्यंत वाढलेल्या. जवळून पाहिलं तर चकतीवर असंख्य बारीक कोंब दिसतात. ते गाठीतल्या खळग्यांत खोल शिरलेले असतात. गाईच्या अंगातलं साखर-पाणी, प्राणवायू, क्षार हे सगळं या कोंबांतून पलीकडे जातं. वार पसरली की मी आणखी एक गोष्ट बघतो: पिशवीच्या दोन्ही शिंगांतली टोकं आली आहेत का. ज्या शिंगात वासरू होतं तिकडचा भाग मोठा, दुसरीकडचा लहान, बंद टोकाचा. लहान टोक नसेल तर तुकडा आत राहिला असं समजायचं.

तिच्या स्वभावातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती गाईचं रक्त आणि वासराचं रक्त एकमेकांत मिसळू देत नाही. दोघांच्या मध्ये ती पेशींचे थर धरून उभी असते आणि काय जाऊ द्यायचं, काय नाही, हे त्या थरांवर ठरतं. माणसाच्या वारेतून आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, बाळाला पोटातच मिळतात. गाईची वार ती सोडत नाही. त्यामुळे वासरू जन्मतं तेव्हा रोगांपुढे ते जवळजवळ निःशस्त्र असतं. ती शस्त्रं त्याला चिकातून मिळतात, आणि चिकातली प्रतिपिंडं आतड्यातून रक्तात शिरू देणारी दारं जन्मल्यापासून तासातासाने मिटत जातात. दिवस उलटेपर्यंत ती जवळपास बंद झालेली असतात. तीस किलोच्या वासराच्या पोटात पहिल्या काही तासांत तीन लिटर चीक गेला पाहिजे, तोही जमेल तितक्या लवकर.

आता आपल्याकडची रीत बघा. एका वस्तीवर मध्यरात्री व्यालेली गाय बघायला सकाळी गेलो होतो. वासरू कोपऱ्यात गोणपाटावर पडलेलं, कान लोंबलेले, तोंडात बोट घातलं तर जीभ गार. कास टम्म भरलेली.

“आक्का, चीक पाजला का याला?”

“न्हाई ओ. वार पडल्याबिगर सडाला हात लावू नई म्हणत्यात. वार वर चढती.”

“कोण म्हणतं?”

“आमच्या सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या सासूबाईबी.”

आक्कांच्या सासूबाई काही वाईट सांगत नव्हत्या. त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं. पण वारेला वर चढायला जागाच नाही. ती शेकडो कोंबांनी पिशवीला बांधलेली असते, ती सुटते नाहीतर तिथेच राहते. उलट वासरानं सड तोंडात धरला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. त्यानं दूध उतरतं आणि त्यानंच पिशवीही आकुंचन पावते. म्हणजे वार पडावी म्हणून निसर्गानं जे करून ठेवलं आहे, तेच आपण वार पडेपर्यंत अडवून धरतो. गाईला मदत मिळत नाही, आणि वासराची दारं मिटत जातात. पुढच्या पंधरा दिवसांत त्याला हगवण लागली की आपण म्हणतो, वासरू कमजोर निघालं. आक्कांनी त्या दिवशी धार काढली, बाटलीनं चीक पाजला. या एका रिवाजापायी किती वासरं गेली असतील याचा विचार आला की जीव तुटतो.

वारेच्या जाण्याची वेळ ठरवतं कोण? गाय नाही, डॉक्टर तर नाहीच. ठरवतं वासरू. दिवस भरत आले की त्याच्या अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. त्यानं वेणा सुरू होतात, आणि ते होण्याआधीच चकत्या पिकायला लागतात. कोंब आणि खळगे यांच्यातली वीण सैल होऊ लागते. याच सुमाराला गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कामाला लागतात. वार ही अर्धी बापाकडची असते, त्यामुळे गाईच्या शरीराला ती खरं तर परकी. नऊ महिने शरीर ते सहन करतं. वासरू बाहेर आलं की पांढऱ्या पेशी तिच्याकडे परकं म्हणून बघू लागतात आणि वीण तोडायला धावतात. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स इथल्या राष्ट्रीय पशुरोग केंद्रात किमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं आणि 2002 साली प्रसिद्ध केलं. ज्या गाईंची वार पुढे अडकली, त्यांच्या पांढऱ्या पेशी विण्याच्या दोन आठवडे आधीपासूनच मंदावलेल्या होत्या. वारेकडे ओढल्या जाण्याची त्यांची धाव कमी होती आणि जंतू मारण्याची ताकदही.

दोन आठवडे आधी! म्हणजे आपण ज्या रात्री कंदील घेऊन गोठ्यात बसतो, त्या रात्रीचा हा प्रश्न नसतोच. तो आधीच घडून गेलेला असतो, भाकड काळातल्या गव्हाणीत.

सगळं ठीक असेल तर वार सहा-आठ तासांत येते. बारा तास झाले तर नजर ठेवायची. चोवीस तास गेले की अडकली म्हणायचं. ती मागे राहण्याची कारणं पुष्कळ. वासरू अपुऱ्या दिवसांचं आलं तर चकत्या पिकलेल्याच नसतात. जुळी असली तर हा त्रास बरेचदा होतो. वासरू चार माणसांनी दोर लावून ओढलं असेल तर पिशवी थकून बसते. ऐन उन्हाळ्यात, पत्र्याखाली, पाण्याविना व्यालेली गाय. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता. भाकड काळात सरकी पेंड चारून लठ्ठ केलेली गाय, तशीच हाडं निघालेली गायही.

आणि कॅल्शियम. याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. 1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ या संस्थेची स्थापना केली. पुढे गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या गावोगाव पोचल्या आणि जर्सी, होलस्टिनचं रक्त आपल्या गोठ्यात आलं. दूध वाढलं, दुधानं कितीतरी घरं उभी राहिली. त्यासोबत गाईच्या अंगावरचा भारही वाढला. दहा लिटर चिकात साधारण 23 ग्रॅम कॅल्शियम निघून जातं, आणि गाईच्या रक्तात एका वेळी ते असतं जेमतेम तीन ग्रॅम. उरलेलं तिनं हाडांतून आणि आतड्यातून उभं करायचं. ते जमलं नाही की गाय थरथरते, कान गार पडतात, मान पोटाकडे वळवून ती बसून राहते. त्यालाच आपण दुग्धज्वर म्हणतो. पण ज्या गाईचं कॅल्शियम थोडंसंच घसरतं ती बसत नाही, उभीच असते, फक्त वैरण कमी खाते. तिच्या पिशवीच्या स्नायूंना आवळायला बळ नसतं आणि पांढऱ्या पेशींनाही काम करायला कॅल्शियम कमी पडतं. वार लोंबत राहते. घरच्यांना दिसते ती वार. कॅल्शियम कुणाला दिसत नाही.

मग घरगुती इलाज सुरू होतात. बांबूचा पाला चारतात, शेपा-गूळ देतात. त्यानं नुकसान काही नाही, गाय चार घास खाते तेवढंच बरं. खरा घोळ होतो तो लोंबत्या वारेला वजन बांधण्यानं. विटेचा तुकडा, दगड, जुनी चप्पल. गाय चालली की ते वजन खोटांना आपटतं, ती बिथरते, लाथा झाडते. वजनानं वार तुटते तीही दारापाशी. आतला मोठा भाग तसाच राहतो, आणि आता धरायला टोकही उरत नाही. कधी पिशवीच उलटी होऊन बाहेर येते. मायांग बाहेर पडलेली गाय ज्यानं एकदा पाहिली आहे तो पुन्हा दगड बांधणार नाही.

आणि डॉक्टरचा हात. खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा मोजा चढवून, गाईच्या पिशवीत कोपरापलीकडे हात घालून एकेक चकती गाठीवरून सोडवायची, ही आमच्या व्यवसायातली जुनी रीत. बाहेर बादलीत वार पडली की मालक समाधानानं सुस्कारा सोडतो, चहा येतो, पैसे मिळतात. बोटांना जे जाणवतं ते मालकाला दिसत नाही. पिकलेली चकती हलक्या हातानं सुटते, पण ती तशी सुटणार असती तर आपसूकच पडली असती. न पिकलेली सुटत नाही, फाटते. तिच्यासोबत गाठीचा पापुद्रा निघतो, रक्त येतं, कोंबांचे तुकडे खळग्यांत राहतात. पिशवीच्या अस्तरावर उघड्या जखमा होतात आणि त्याच हातानं बाहेरचे जंतू त्या जखमांपर्यंत पोचतात. कितीही काळजी घेतली तरी आत पूर्ण साफ झालं, असं हाताला कधी कळत नाही. हातानं वार काढल्यानं गाईला फायदा होतो असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. ताप आणि पिशवीचा दाह वाढतो, असं मात्र दिसलेलं आहे. जगभरच्या पशुवैद्यकीय पाठ्यपुस्तकांत आता हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

तरी रीत टिकून आहे, आणि तिचा दोष मी एकट्या डॉक्टरांना देणार नाही. वार न काढता परतणारा डॉक्टर गावाला अडाणी वाटतो. शेजारच्या गावचा दुसरा कुणी अर्ध्या तासात येऊन हात घालतो आणि नाव कमावतो. हे बदलायचं तर मालकालाही थोडं ठाऊक असायला हवं.

पिशवीत गोळ्या ठेवणं हाही तसाच सर्रास चालणारा इलाज. पांढऱ्या, लांबट गोळ्या आत सारल्या की काहीतरी केल्यासारखं वाटतं. व्याल्यानंतर पहिल्या काही दिवसांत पिशवीत लिटर-दीड लिटर स्राव साठलेला असतो. त्यात ते औषध पातळ होतं आणि बरंचसं दारातून वाहून जातं. शिवाय टेट्रासायक्लिन गटातली औषधं ज्या विकरांनी ही वीण सुटते त्या विकरांनाच अडवतात. म्हणजे वार सुटावी म्हणून ठेवलेली गोळी तिला धरून ठेवायला हातभार लावू शकते. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला वार अडकलेल्या गाईंचे गट करून बघितले. ताप आलेल्या गाईंना इंजेक्शनातून प्रतिजैविक दिलं, आणि काही गटांत जोडीला हातानं वार सोडवणं व गोळ्याही. जोडीच्या उपचारांनी जास्तीचा फायदा दिसला नाही.

मग करायचं काय? लोंबणारी वार पायात येत असेल, चिखलात फरफटत असेल तर डॉक्टरकडून वरून कापून घ्यावी. बाकी तिला तिच्यावर सोडावं. गाठींचा वरचा थर झडतो, चकत्या सुटतात आणि बहुतेक वारा पाच ते दहा दिवसांत आपोआप पडतात. वास येतो, माश्या येतात, शेजारीपाजारी चार शब्द सुनावतात. ते सोसावं. आणि शेपटीकडचं लक्ष काढून गाईच्या तोंडाकडे द्यावं. ती वैरणीला तोंड लावते का? रवंथ करते का? डोळे आत गेलेत का? दूध रोज वाढतंय की कालच्यापेक्षा कमी आलं? व्याल्यापासून दहा दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावायचा. थर्मामीटर काही महाग नसतो. गाईचं नेहमीचं तापमान 101.5 फॅरेनहाइटच्या आसपास असतं. 103 च्या वर गेलं आणि गाय मलूल असली तर डॉक्टरला बोलवायचं, मग वार पडलेली असो वा नसो. कारण वार वेळेत पडलेल्या गाईलाही पिशवीचा ताप येतो, आणि वार आठ दिवस लोंबत असलेली एखादी गाय खात-पीत, रवंथ करत ठणठणीत असते. अशा गाईला इंजेक्शनाची गरज नसते. मालकाला हे पटवताना मला औषध देण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

ताप असेल, स्राव तांबूस-तपकिरी, पाण्यासारखा पातळ आणि नाकाला झोंबणाऱ्या दुर्गंधीचा असेल, तर तो गर्भाशयदाह. तो बहुधा पहिल्या दहा दिवसांत गाठतो. तेव्हा वेळ घालवायचा नाही. पेनिसिलिन किंवा सेफ्टिओफरसारखं प्रतिजैविक इंजेक्शनातून, तीन ते पाच दिवस, पूर्ण मात्रेत. जोडीला ताप आणि सूज उतरवणारं औषध, गरज असेल तर कॅल्शियम आणि सलाइन. दुसऱ्या दिवशी गाय खायला लागली म्हणून इंजेक्शन बंद करायचं नाही. औषधाच्या लेबलावर दूध किती दिवस वेगळं काढायचं ते छापलेलं असतं. ते दूध संकलन केंद्रावर घालायचं नाही, कारण ते कुणाच्यातरी लेकराच्या पेल्यात जातं.

प्रत्येक स्रावाला घाबरायचंही कारण नाही. व्याल्यानंतर दोनेक आठवडे गाय तांबूस, दाटसर घाण टाकते, तिला सडका वास नसतो. पिशवी स्वतःला साफ करत असते. व्याल्या दिवशी नऊ-दहा किलो वजनाची पिशवी महिनाभरात एका किलोवर येते. अंगातलं दुसरं कुठलं इंद्रिय इतक्या वेगानं आवरतं घेत असेल असं मला वाटत नाही. या दोन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक गाईच्या पिशवीत जंतू असतात. आधी ई. कोलाय येतो आणि अस्तर दुखावतो, मागून ट्रूपेरेला पायोजिनिस आणि हवेविना वाढणारे त्याचे सोबती. सशक्त गाय त्यांना हुसकावते. वार रेंगाळलेली, कॅल्शियम घसरलेली, खाणं तुटलेली गाय हुसकावू शकत नाही.

तीन आठवड्यांनंतरही पू दिसत राहिला, किंवा माजावर आल्यावर सोटात पांढरे धागे आले, तर आतलं अस्तर अजून सुजलेलं आहे. या गाईला ताप नसतो, खाणं-दूध ठीक असतं, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. तिला भरवतात, ती उलटते. पुन्हा भरवतात, पुन्हा उलटते. पस्तिसाव्या-चाळिसाव्या दिवशी एकदा तपासून घ्यावी. बीजकोशावर पीतपिंड असेल तर प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शननं ती माजावर येते, आणि माजाच्या काळात पिशवी आतली घाण जोरानं बाहेर टाकते. पिशवीत सोडायचं औषध खरं तर या टप्प्यावर उपयोगी पडतं, तेही तपासणी करून. आयोडीनची तीव्र द्रावणं घालून ‘पिशवी धुण्या’चा जो सपाटा चालतो, त्यात अस्तर भाजण्याचा धोका असतो.

वारेची एक बाजू अंधारी आहे, ती सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. सहाव्या-सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली आणि मागोमाग वार अडकली, तर आधी ब्रुसेला या जंतूची शंका घ्यायची. 1887 साली माल्टात मरण पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून डेव्हिड ब्रूसनं या कुळातला पहिला जंतू वेगळा केला. गाईंतल्या गर्भपाताचा जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँगनं 1897 मध्ये दाखवला. गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर असते आणि या जंतूला ती मानवते. वारेत तो अफाट वाढतो. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातानं उचलणारा माणूस तो जंतू घरी नेतो. मग महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे धरणं, कंबर धरणं, आणि रोग काय ते लवकर कुणाला कळत नाही. आमच्या व्यवसायातली माणसं यातून सुटलेली नाहीत. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच ब्रुसेलाची लस टोचायची असते, आणि 2019 पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून सरकार ती फुकट टोचतं. लस टोचायला माणूस दारात आला की कालवड रानात चरायला गेली आहे असं सांगू नका.

वार पडल्यावर तिचं काय करायचं, यावरही गावोगाव रिवाज आहेत. कुठे ती पोत्यात भरून वडाच्या फांदीला बांधतात. झाडाला चीक असतो, तसं गाईला दूध येईल ही त्यामागची भावना. भावना चांगली, पण कावळे आणि कुत्री ते पोतं फोडतात आणि तुकडे वस्त्यांत नेतात. कुठे ओढ्यात टाकतात, कुठे कुत्र्यापुढे. गाय स्वतःही वार खायला बघते. ती घशात अडकून गाय गुदमरू शकते, किंवा पोटात जाऊन पचन बिघडू शकतं, म्हणून वार पडली की लगेच उचलायची. हातमोजे घालून, नसतील तर हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून. विहिरीपासून आणि पाण्याच्या हौदापासून लांब, कमरेइतका खोल खड्डा घ्यायचा, वार टाकायची, वर चुना पसरायचा, माती दाबायची आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बोराटीच्या फांद्या रचायच्या. व्यायच्या जागचा पेंढाही त्यात टाकायचा किंवा जाळायचा. गरोदर बाईला हे काम सांगायचं नाही.

आणि हे सगळं करण्याच्या आधी, वासरू जमिनीवर आल्याबरोबर, गोठ्याच्या भिंतीवर खडूनं वेळ लिहायची. डॉक्टरला फोन केलात तर तो दुसरं काही विचारायच्या आधी हेच विचारणार आहे: गाय किती वाजता व्याली, आणि सकाळी ताप किती होता?